दुधाच्या पेल्यात काय होतं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

रहस्यकथा आणि सिनेमा हा काही आपल्या अभ्यासवर्गाचा नेहमीचा विषय नाही. पोटगी, आरोग्य, रेशन सोडून ही बाई आज हिचकॉकवर काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते साहजिक आहे. पण मला बोलायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. एखादी बाई म्हणते, "हा मला मारणार आहे." मग गोष्ट सांगणारे तिच्या या म्हणण्याचं काय करतात? एक इंग्रजी कादंबरी आणि तिच्यावरून काढलेला एक अमेरिकन सिनेमा मी यासाठी निवडला आहे. दोन्हीकडे माणसं तीच आहेत, घर तेच आहे, पेलाही तोच आहे. शेवट मात्र पार उलटा आहे.

कादंबरीचं नाव 'बिफोर द फॅक्ट'. १९३२ साली आली. लेखकाचं नाव फ्रान्सिस आइल्स, पण ते टोपणनाव. खरं नाव अँथनी बर्कली कॉक्स. सिनेमा आल्फ्रेड हिचकॉकचा, १९४१ सालचा, नाव 'सस्पिशन', म्हणजे संशय. ही दोन नावं जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्रजी कायद्यात गुन्हा घडण्याआधी गुन्हेगाराला मदत करणाऱ्या साथीदारासाठी एक शब्दप्रयोग आहे, त्यातून कादंबरीचं नाव आलं आहे. म्हणजे त्या नावात गुन्हा गृहीत आहे. सिनेमाच्या नावात गुन्हा नाही, आहे तो फक्त एका बाईच्या मनातला संशय. शेवट बदलण्याचं काम नावापासूनच सुरू झालेलं आहे.

कादंबरी थोडक्यात सांगते. लीना ही एका जनरलची मुलगी. खेड्यात राहणारी, अठ्ठावीस वर्षांची, लग्नाचं वय गेलं असं सगळे म्हणतात अशी. तिला जॉनी आयसगार्थ भेटतो. देखणा, बोलका, सगळ्यांना हवाहवासा. तो तिला लाडानं 'मंकीफेस' म्हणतो. माकडतोंडी! हा लाड आपण नीट ऐकायला हवा. जिला स्वतःच्या रूपाबद्दल आधीच न्यूनगंड आहे, तिला तो रोज प्रेमानं सांगतोय की तू कुरूप आहेस आणि तरी मी तुला पत्करलंय. लग्नानंतर कळतं की त्याच्याकडे दमडी नाही. तो जुगारी आहे. माहेरून आलेल्या जुन्या खुर्च्या तो परस्पर विकतो. नोकरीच्या ठिकाणी अफरातफर करतो. बाहेर बायका आहेत, घरच्या मोलकरणीलाही त्यानं सोडलेलं नाही. आणि मग हळूहळू लीनाच्या लक्षात येतं की वडिलांच्या मृत्यूला तोच कारण झाला आहे, पॅरिसमध्ये मेलेल्या मित्रालाही त्यानंच मृत्यूच्या तोंडी दिलं आहे, आणि आता पाळी आपली आहे.

कादंबरीत वाचकापासून हे लपवलेलं नाही. अगदी पहिल्याच वाक्यांत लेखक सांगून टाकतो की या बाईचा नवरा खुनी आहे. त्यामुळे 'खून कुणी केला' हा प्रश्नच उरत नाही. तिला कधी कळणार आणि कळल्यावर ती काय करणार, एवढंच वाचायचं उरतं.

ती जे करते ते वाचून मला राग आला होता, आजही येतो. शेवटी ती अंथरुणाला खिळलेली आहे, तिला दिवस गेलेले आहेत, नवरा पेला घेऊन येतो. त्यात विष आहे हे तिला पक्कं माहीत आहे. ती तो घेते आणि पिते. त्याच्यावरच्या प्रेमानं पिते, आणि त्याचं मूल जन्माला येऊ नये म्हणूनही पिते. कादंबरी संपते. गुन्ह्याआधीची साथीदार म्हणजे कोण, हे आता कळतं. ती स्वतःच स्वतःच्या खुनाची साथीदार आहे.

लेखक तिच्या बाजूचा आहे असं समजू नका. तिच्याकडे तो जरा तुच्छतेनंच पाहतो, काही माणसं बळी जायलाच जन्माला येतात असा त्याचा सूर आहे. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. "तिलाच सोसायची सवय होती," असं शेजारीपाजारी पंचनाम्याच्या वेळी म्हणतात ना, तोच. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांना अडचणीची आहे. लीना परावलंबी नाही. पैसा तिचा आहे, तो फुकटा आहे. एकदा ती घर सोडून जातेसुद्धा, आणि परत येते. इंग्लंडात १९२३ च्या कायद्यानं नवऱ्याच्या व्यभिचाराच्या एकाच कारणावरून बायकोला घटस्फोट मागता येत होता, आणि व्यभिचार तर इथे ढीगभर आहे. म्हणजे पैसा होता, कायद्याची वाटही होती. तरी ती राहिली. बाई आपल्या पायावर उभी राहिली की सुटली, असं आपण शिबिरांतून सांगत असतो. लीना हे वाक्य इतक्या सहज म्हणू देत नाही. "माझ्याशिवाय याचं कसं होणार," हे तिच्या डोक्यात इतकं खोल रुजलेलं आहे की आपला जीवही तिला त्या हिशेबातला वाटतो. ही रुजवण तिच्या एकटीची नाही, हे लेखकाला दिसत नाही. आपल्याला दिसायला हवं.

पण इतकं सगळं असून कादंबरीनं एक गोष्ट केली आहे. लीनाला जे कळलं ते खरं होतं, हे तिनं शेवटपर्यंत खरंच ठेवलं आहे. लीना घाबरट असेल, आंधळी असेल, पण वेडी नाही. तिनं एकेक पुरावा जोडत नेला आणि तिचा निष्कर्ष बरोबर निघाला.

आता सिनेमाकडे येऊ. लीनाचं काम जोन फाँटेननं केलं आहे आणि जॉनीचं कॅरी ग्रँटनं. सिनेमातही जॉनी खोटं बोलतो, खुर्च्या विकतो, अफरातफर करतो, मित्र पॅरिसमध्ये मरतो. बायकोच्या विम्यावर पैसे उचलता येतील का याची तो चौकशी करतो, आणि ती मेल्यावरच पैसे मिळतील असं उत्तर येतं. तेही तिच्या हाती लागतं. रहस्यकथा लिहिणाऱ्या एका बाईकडून तो माग न लागणाऱ्या विषाची माहिती काढून घेतो. मग ते प्रसिद्ध दृश्य येतं. अंधारा जिना, आणि हातात दुधाचा पेला घेऊन वर चढणारा जॉनी. दूध अंधारात उजळून दिसावं म्हणून हिचकॉकनं पेल्यात दिवा लपवला होता. तुमची नजर त्या दुधावरून हलतच नाही.

लीना दूध पीत नाही. सकाळी पेला तसाच भरलेला दिसतो. ती म्हणते, मी थोडे दिवस आईकडे जाते. (बायकांना सुटायची वाट माहेरचीच, तिथेही!) तो म्हणतो, मीच सोडतो. कड्याच्या कडेनं गाडी भरधाव जाते, तिच्या बाजूचं दार उघडतं, त्याचा हात तिच्याकडे येतो. हा ढकलतोय असं वाटून ती किंचाळते. तो गाडी थांबवतो, आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत सगळं उलटं होतं. तो तिला वाचवत होता. विष त्याला स्वतःसाठी हवं होतं, कर्जापायी तो जीव द्यायला निघाला होता. मित्र मेला तेव्हा तो पॅरिसमध्ये नव्हताच, लिव्हरपूलमध्ये पैशांच्या खटपटीत होता. हे सगळं तो सांगतो आणि ती ऐकते. कुणी पडताळून पाहत नाही. लीना कोलमडते आणि उलट स्वतःलाच दोष देते की मी माझाच विचार करत बसले, तुझ्यावर काय गुजरतंय ते पाहिलंच नाही. घरी परत जाऊ म्हणून तीच त्याची विनवणी करते. तो आधी नाही म्हणतो. मग गाडी वळते आणि त्याचा हात तिच्या खांद्याभोवती येतो. समाप्त.

एका तासाहून जास्त वेळ आपण तिच्या नजरेनं पाहत आलो, आणि शेवटी आपल्याला सांगितलं जातं की तिची नजरच वाकडी होती. त्याच्या चोऱ्या खऱ्या होत्या, खोटेपणा खरा होता. तरी माफी मात्र तिनं मागायची.

असं का केलं? कारणं अगदी व्यवहारी होती. कॅरी ग्रँट हा लोकांचा लाडका नायक, त्याला बायकोचा खुनी करायला स्टुडिओ धजला नाही. शिवाय हॉलिवूडमध्ये १९३४ पासून एक नियमावली कडकपणे लागू होती. तिच्यानुसार गुन्हेगाराला शिक्षेवाचून सोडायचं नाही, आणि गोष्टीचा गुंता आत्महत्येनं सोडवायचा नाही. कादंबरीचा शेवट या दोन्ही नियमांत अडकत होता. नीती सांभाळायची म्हणून नियम केले आणि त्या नीतीपायी खुनी निर्दोष ठरला, खरं बोलणारी बाई खोटी पडली! दुसरा एक शेवट आधी निवडक प्रेक्षकांना दाखवून पाहिला होता, तो लोकांना रुचला नाही. आणखी एक सांगायला हवं. या सिनेमाची पटकथा लिहिणाऱ्या तिघांत दोन बायका होत्या, जोन हॅरिसन आणि हिचकॉकची बायको आल्मा रेव्हिल. कागदावर बायकांची नावं असली म्हणजे गोष्ट बायकांची होतेच असं नाही. हे मी त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. शेवट कोण ठरवतं, हे आपण आपल्या संस्थांमध्येही पाहिलं आहे. जोन फाँटेनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या सिनेमातल्या भूमिकेसाठी मिळालेलं ते एकमेव ऑस्कर.

हिचकॉकला स्वतःला हा शेवट पसंत नव्हता, असं त्यानं पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलं. त्याच्या मनातला शेवट असा होता: लीना आईला पत्र लिहिते. माझं त्याच्यावर प्रेम आहे, मला जगायचं नाही, पण तो खुनी आहे आणि त्याच्यापासून इतरांना वाचवायला हवं. मग ती दूध पिते आणि मरते. जॉनी शीळ घालत ते पाकीट पेटीत टाकतो. पत्र आपल्याला फाशी देणार आहे हे त्याला माहीत नाही. या शेवटात ती मरतेच, पण तिचं म्हणणं मागे उरतं. सिनेमाचे अभ्यासक या शेवटाला फार हुशार म्हणतात.

मी मात्र इथे थबकते. नवऱ्याच्या घरून माहेरी लिहिलेलं पत्र, आणि मग विषानं आलेला मृत्यू, हे आपल्याला सिनेमातून शिकायची गरज नाही. जून १९८२ मध्ये पुण्यात एका तरुण विवाहितेचा सायनाइडनं मृत्यू झाला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. नावं घेत नाही, इथल्या ज्येष्ठ मैत्रिणींना तो खटला माहीत आहे. खालच्या न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं पतीला दोषी धरलं. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची निर्दोष मुक्तता केली, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्यानं खोडून निघत नव्हती. निकाल बरोबर की चूक, यात मी आज शिरत नाही. परिस्थितिजन्य पुराव्यासाठी त्या निकालानं घालून दिलेल्या कसोट्या आजही न्यायालयं वापरतात. मला सांगायचं आहे ते पत्रांबद्दल. न्यायालयानं ती पुराव्यात घेतली. पण त्याच पत्रांत काहींना जिवाची भीती दिसली आणि न्यायालयाला जीव नकोसा झालेल्या मनाची शक्यता दिसली. अक्षर तेच, वाचन दोन. हिचकॉकला वाटलं, पत्र पेटीत पडलं की गोष्ट संपली. आपली गोष्ट पत्र उघडल्यावर सुरू होते. आणि त्याच्या त्या पत्रात लीना "मला जगायचं नाही" असंही लिहिते, हे विसरू नका. एखाद्या चांगल्या वकिलाला तेवढं एक वाक्य पुरे झालं असतं.

आणखी एका जोडीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण नायिका तीच, दिग्दर्शक तोच, फक्त वर्ष आधीचं. डाफ्ने द्यू मॉरिए या लेखिकेची 'रिबेका' १९३८ सालची, सिनेमा १९४० चा. कादंबरीत मॅक्सिम आपल्या पहिल्या बायकोला गोळी घालतो आणि सुटतो. सिनेमात तीच बायको भांडणात अडखळून पडते, डोक्याला मार लागून मरते, आणि तो फक्त प्रेत लपवतो. पुन्हा तीच नियमावली. खुनी नवरा नव्या बायकोबरोबर सुखानं राहतो असं दाखवायचं नाही, म्हणून खूनच पुसून टाकला. 'पाय घसरून पडली' हे शब्द आपण किती पंचनाम्यांत वाचले आहेत! स्टोव्ह भडकला, विहिरीत तोल गेला, पाय घसरला. कादंबरीही काही साधीसुधी नाही बरं का. नवऱ्यानं खून केल्याचं कळतं तेव्हा दुसऱ्या बायकोला हायसं वाटतं, कारण त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं हे त्यातून सिद्ध होतं. एका बाईच्या खुनात दुसरीला आपल्या संसाराची खात्री सापडते. लेखिकेनं हे इतक्या शांतपणे लिहिलं आहे की वाचणारीही क्षणभर तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकते आणि मग चपापते. सिनेमात हे चपापणं उरत नाही. या कादंबरीवरून आपल्याकडे १९६४ साली बीरेन नाग यांचा 'कोहरा' आला. वहिदा रेहमान नायिका, आणि त्या घरातली करडी दाई आपल्या ललिता पवार. ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती दाई अजून आठवत असेल.

तर आता मूळ प्रश्न. लीनासारखी भीती घेऊन बाई आपल्या केंद्रात येते तेव्हा काय होतं? अंगावर वळ असले तर सोपं असतं. पण ती म्हणते, "ताई, त्यानं हात नाही लावला अजून. पण तो हल्ली फार गोड वागतो. विम्याचे कागद आणलेत, सही कर म्हणतो. माझं जेवण तो वेगळं वाढतो." तेव्हा आपल्यापैकीसुद्धा कुणीतरी म्हणतं, अगं, मनाचे खेळ असतील. पोलीस तर हमखास म्हणतात, आधी काही होऊ दे. घरचे म्हणतात, शंकेखोर आहे. १९४१ चा शेवट आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे, सिनेमा न पाहताच.

कायद्यानं संशयाला एक जागा दिली ती अशी. १९८३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये दुरुस्ती झाली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीनं मेली किंवा तिनं आत्महत्या केली तर शवविच्छेदनासाठी पाठवणं आवश्यक ठरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम १९४ मध्ये आहे. चांगली तरतूद आहे, आपल्या चळवळीच्या रेट्याच्या काळात आलेली आहे. पण तो संशय पोलिसांचा किंवा नातेवाइकांचा आणि तोही ती मेल्यानंतरचा. तिचा स्वतःचा, जिवंतपणीचा संशय कुठे आहे?

तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आहे, आणि आपण तो फार कमी वापरतो. कलम १८ वाचा. हिंसा घडली आहे 'किंवा घडण्याची शक्यता आहे' असं न्यायदंडाधिकाऱ्याला सकृद्दर्शनी पटलं तर संरक्षणाचा आदेश देता येतो. कलम ४ नुसार तर शेजारीणसुद्धा, अशी हिंसा होऊ शकते असं मानायला कारण आहे म्हणून संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले अर्ज पाहा, बहुतेक सगळे मारहाण झाल्यानंतरचे असतात. 'शक्यता आहे' या शब्दांवर उभा केलेला अर्ज क्वचितच दिसतो. कारण त्यासाठी लीनानं मनातल्या मनात केलं तेच काम कागदावर करावं लागतं: कुठली तारीख, काय विकलं, काय खोटं बोलला, विम्याचं कधी विचारलं, कुणासमोर काय म्हणाला. भीतीचा तपशील उतरवून घ्यायचा. "भीती वाटते" एवढं लिहून भागत नाही, आणि तिला रडू येतंय म्हणून आपण पेन खाली ठेवलं तर तो तपशील पुन्हा मिळत नाही.

शेवटी एक सुचवते. गटांमध्ये 'सस्पिशन' दाखवा. समोर बसून कुणीतरी मराठीत सांगत गेलं तरी चालतं, गोष्ट सरळ आहे. ती सकाळी बॅग भरते आणि दुधाचा पेला तसाच भरलेला दिसतो, तिथे थांबवा. पुढे काय व्हायला हवं, हे बायकांना विचारा, आणि त्या जे म्हणतील ते लिहून घ्या. मग शेवट दाखवा. आणि तो पाहून झाल्यावर एवढंच विचारा, की ते दूध कुणी तपासलं का? कारण पूर्ण सिनेमात ते कुणीच तपासत नाही.